क्रमांकित परिच्छेद पुढच्या पानावर गेला की त्याचा समास का बिघडतो?

दाव्यातील सातवा परिच्छेद तिसऱ्या पानाच्या तळाशी संपत नाही आणि उरलेला मजकूर चौथ्या पानावर नेला की तो एक तर डाव्या समासाला चिकटतो, नाही तर त्याला आठ हा क्रमांक लागतो, अशी आपली अडचण आहे. मी अनेक वर्षे वकिलांच्या कचेरीत दावे, कैफियती आणि प्रतिज्ञापत्रे टंकलिखित करत आहे. सुरुवातीला मीही हेच करत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ‘नेला’ म्हणता, तिथेच कारण आहे. मजकूर पुढच्या पानावर आपण न्यायचा नसतो, तो आपोआप जातो. वर्ड असो वा लिब्रेऑफिस रायटर, एका एंटरपासून पुढच्या एंटरपर्यंतचा मजकूर म्हणजे एक परिच्छेद, आणि क्रमांक व समास हे त्या परिच्छेदाचे असतात, पानाचे नव्हेत. पानाच्या तळाशी एंटर किंवा कंट्रोल-एंटर (पेज ब्रेक, म्हणजे सक्तीने नवे पान) दाबले की परिच्छेदाचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा पुढचा क्रमांक घेतो. तो क्रमांक आपण बॅकस्पेसने पुसतो, बॅकस्पेस आणखी दाबली गेली की समासही हलतो, आणि मग स्पेस देऊन ओळी जुळवाव्या लागतात. दाव्यात हे फार महागात पडते, कारण प्रतिवादी आपल्या कैफियतीत परिच्छेदनिहाय उत्तर देतो. एक क्रमांक चुकीने वाढला तर ‘वरील परिच्छेद ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ अशी हाताने टंकलेली वाक्ये खोटी ठरतात.

प्रथम लपलेल्या खुणा दिसू द्याव्यात: वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८, रायटरमध्ये कंट्रोल-एफ१०. परिच्छेदाच्या मध्ये आलेले एंटर, पेज ब्रेक आणि स्पेसच्या रांगा पुसून तुकडे जोडावेत. त्यानंतर समास क्रमांकनातच ठरवावा. वर्डमध्ये क्रमांकावर उजवी क्लिक करून ‘ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ उघडावे, क्रमांकाची जागा शून्य आणि मजकुराचा समास १.२७ सेंटिमीटर द्यावा. रायटरमध्ये ‘बुलेट्स अँड नंबरिंग’च्या ‘पोझिशन’ टॅबवर ‘अलाइन्ड ॲट’ आणि ‘इंडेंट ॲट’ येथे हेच आकडे भरावेत. आता पान कुठेही संपले तरी उरलेल्या ओळी त्याच रेषेवर सुरू होतात. परिच्छेदांची संख्या शंभरावर जाणार असेल तर समास थोडा वाढवावा, नाही तर तीन आकडी क्रमांक त्या जागेत मावत नाही आणि पहिली ओळ पुढे सरकते.

एखादा परिच्छेद नव्या पानावरच सुरू व्हायला हवा असेल, तर परिच्छेदाच्या गुणधर्मांत ‘पेज ब्रेक बिफोर’ निवडावे. रायटरमध्ये ही सोय ‘टेक्स्ट फ्लो’ टॅबवर आहे. ‘कीप लाइन्स टुगेदर’ मात्र लांब परिच्छेदांना लावू नये, कारण अख्खा परिच्छेद पुढे जातो आणि मागे अर्धे पान कोरे राहते. एकाच क्रमांकाखाली दुसरा, विनाक्रमांक परिच्छेद हवा असेल, तर वर्डमधील ‘लिस्ट कंटिन्यू’ ही शैली घ्यावी आणि तिचा डावा समासही १.२७ करावा, रायटरमध्ये नव्या परिच्छेदाच्या आरंभी एकदाच बॅकस्पेस दाबले की क्रमांक जातो, समास राहतो.

जुन्या मसुद्यांवरून काम करत असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये लीगल कागदाऐवजी ए-४ स्वीकारला. लीगलची लांबी ३५.५६ सेंटिमीटर आणि ए-४ ची २९.७, म्हणजे पान जवळपास सहा सेंटिमीटरने आखूड झाले. लीगलवर हाताने दिलेले पेज ब्रेक असलेला मसुदा ए-४ वर आणला की प्रत्येक पानाच्या शेवटच्या काही ओळी पुढच्या पानावर सांडतात आणि त्यांच्याखाली ते पान रिकामे राहते. अशा मसुद्यातील सगळे पेज ब्रेक वर्डच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘स्पेशल’ यादीतून ‘मॅन्युअल पेज ब्रेक’ निवडून एकदमच काढावेत आणि मगच क्रमांकनाला हात लावावा.