वाचक विचारतात : केईएम हुकलं म्हणून रडायचं का?

अॅडमिशनचे दिवस आले की आमच्या सदराची डाक नुसती मेडिकल कॉलेजांनी भरून जाते. मी मुंबईतल्या एका महापालिकेच्या कॉलेजात २६ वर्षं मेडिसिन शिकवून रिटायर झालो, तेव्हा या प्रश्नांना मी उत्तरं द्यावीत असं संपादकांनी सांगितलं. पत्रं खूप होती, त्यातली पाच घेतलीयेत. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मुलीला स्टेट कोट्यातून सायनचं कॉलेज लागलं. केईएम थोडक्यात हुकलं म्हणून ती दोन दिवस धड जेवली नाहीये. नातेवाईकही "अरेरे, सायन का" असंच म्हणतायत. ती मागे पडेल का हो? (एक आई, डोंबिवली)

ताई, आधी पेढे आणा आणि त्या नातेवाईकांच्या घरी तुम्हीच नेऊन द्या. मुंबईत सरकारी मेडिकलची सीट मिळवलीये तुमच्या लेकीने, ही रडायची गोष्ट नाही.

आता सायनबद्दल. कॉलेजचं पूर्ण नाव लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं १९६४ साली, पण हॉस्पिटल त्याच्या आधीपासूनचं. एका बाजूला धारावी, बाजूनेच रेल्वेचे ट्रॅक, थोडं पुढे हायवे. त्यामुळे ट्रेनमधून पडलेला, बाइक घसरलेला, बांधकामाच्या साइटवरून पडलेला असा पेशंट पहिला तिथेच आणतात आणि ट्रॉमा म्हणजे काय ते तिथल्या पोरांना पुस्तकात शोधावं लागत नाही, कॅज्युअल्टीच्या दारातच दिसतं.

आणि अजून एक गोष्ट, जी मला फार मोठी वाटते. आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक १९८९ साली सायनला सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी केली. कमी दिवसांची, मुठीएवढी बाळं, त्यांच्या आईला दूध आलेलं नाही किंवा आईच आजारी, अशा बाळांना दुसऱ्या बाळंतिणींनी दिलेलं दूध पाश्चराइझ करून द्यायचं. वरचं दूध दिलं की त्या बाळांना इन्फेक्शन व्हायचं, ते कमी कसं करता येईल यातून हे उभं राहिलं. म्हणजे बघा, धारावीच्या बाळंतिणी आणि महापालिकेचा वॉर्ड यांच्यातून ते आलं, कुठल्या फॉरेन युनिव्हर्सिटीतून नाही. लेकीला हे वाचून दाखवा.

मागे पडायचं म्हणाल तर डिग्री केईएमची काय, सायनची काय, नायरची काय, देते एकच युनिव्हर्सिटी, नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अभ्यासक्रम तोच, साडेचार वर्षं आणि वर चार भिंतींबाहेरचं खरं शिक्षण म्हणजे एक वर्ष इंटर्नशिप, सगळीकडे सारखंच. पुढे एमडी-एमएससाठी नीट पीजी सगळ्यांना एकच आणि त्या पेपरवर कॉलेजच्या नावाचे मार्क नाहीत.

मी माझ्या वॉर्डातलं एक सांगतो. एक मावशी होत्या, हृदयाची झडप आकसलेली, लहानपणी सांधेतापाने झालेलं. त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की जो आवाज येतो तो इतका बारीक आणि खालच्या पट्टीतला असतो की पहिल्या खेपेला कोणालाच ऐकू येत नाही, डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवायची, श्वास सोडायला सांगायचा आणि मग वाट बघायची. बारा पोरं ओळीने ऐकून गेली. शेवटच्या मुलीला ऐकूच येईना, ती कानकोंडी होऊन मागे सरकायला लागली तर मावशीच म्हणाल्या, "ये गं बाय, परत लाव, मला कुठं जायचंय." तिसऱ्या वेळेला त्या मुलीचा चेहरा बदलला, तिला ऐकू आलं होतं. ती मुलगी आज स्वतः कार्डिओलॉजिस्ट आहे. कॉलेज मोठं होतं ते अशा मावशींमुळे, आणि सायनच्या वॉर्डात त्या भरपूर भेटतील तुमच्या लेकीला.

प्रश्न : सर, माझा चुलत भाऊ २०२४ ला नीटला बसला होता, मी २०२५ ला. माझे मार्क त्याच्यापेक्षा बरेच कमी असून मला चांगलं कॉलेज मिळालं, तर तो सगळ्यांना सांगत सुटलाय की कॉलेजांचा दर्जा पडला, कट ऑफ खाली आला. खरंय का? (विद्यार्थी, ठाणे)

नाही रे बाळा, बिलकुल नाही. २०२४ ला पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० घेणारे ६७ जण होते, सुधारित निकालानंतर ते १७ राहिले. २०२५ ला पेपर, त्यातही फिजिक्स, इतका अवघड आला की देशात पहिला आलेल्याचे मार्क होते ६८६. आता सांग, पहिल्याचेच मार्क खाली आले तर खालच्या सगळ्यांचे येणारच की नाही? सीटा जवळपास तेवढ्याच, बसणारी पोरं दोन्ही वर्षी २२ लाखांच्या वर. म्हणून मार्क एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाला लावूच नका, बघायचं ते रँक. भावाला पण हे सांग पण भांडू नको, त्याच्या वर्षी त्याचे हाल झालेत, ६५० च्या आसपासचे मार्क घेऊन पोरं घरी बसली होती त्या वर्षी, त्याचं दुखणं खरं आहे.

आणि कट ऑफबद्दल एक सगळ्यांनाच सांगतो. महाराष्ट्रात स्टेट कोट्यात केईएमच्या सीटा, म्हणजे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या, सगळ्यात वरच्या रँकला संपतात, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पण त्याचा अर्थ इतकाच की वरच्या रँकवाल्यांनी प्रेफरन्सच्या यादीत ते पहिलं टाकलं, का टाकलं तर त्यांच्या आधीच्या वर्षीच्या वरच्या रँकवाल्यांनी पण टाकलं होतं म्हणून. त्यात हॉस्पिटलचं नाव आहे, परळचं लोकेशन आहे, क्लासवाल्यांच्या बॅनरवर चांगलं दिसतं हे पण आहे. शिकवणं दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याने कमी असतं असं त्या आकड्यातून कळत नाही.

प्रश्न : आमच्या नातवाला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलला प्रवेश मिळाला. तो जे. जे. म्हणतो, कागदावर ग्रँट लिहिलंय. जे. जे. म्हणजे जमशेटजी हे ठाऊक आहे, पण हे ग्रँट कोण? आणि कॉलेज खरंच एवढं जुनं आहे का? (आजोबा, गिरगाव)

काका, नमस्कार, तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला कारण हल्ली हे कोणी विचारतच नाही.

ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट ग्रँट, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. मुंबईत त्याच्या आधी १८२६ ला एक वैद्यकीय शाळा काढली होती पण ती चालली नाही, १८३२ ला बंद केली. ग्रँट साहेबांनी पुन्हा धोशा लावला की इथल्या मुलांना डॉक्टरी शिकवायलाच पाहिजे, आणि कॉलेज उभं राहायच्या आधी १८३८ ला ते वारले. मग त्यांची आठवण म्हणून कॉलेजला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. हॉस्पिटलसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले, त्या काळातले लाख, म्हणून हॉस्पिटल जे. जे. आणि कॉलेज ग्रँट. १८४५ ला सुरू झालं. डॉ. चार्ल्स मोरहेड पहिले प्रिन्सिपॉल.

१८५१ ला पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली त्यात आपले भाऊ दाजी लाड होते. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. डॉक्टर तर होतेच, वर संस्कृतचे अभ्यासक, जुने शिलालेख वाचणारे. राणीच्या बागेतल्या म्युझियमला त्यांचं नाव आहे ते यांचंच, नातवाला घेऊन एक चक्कर मारा, कॉलेजपासून लांब नाही.

पुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या बाजूला पहिल्या केसेस ओळखल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, ते ग्रँटचेच विद्यार्थी. लोक गाव सोडून पळायला लागले, स्टेशनं तुडुंब. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं आणि त्यांना जागा दिली ती ग्रँट मेडिकलमधली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा, बस्स. तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचली ती स्वतःला. मग भायखळ्याच्या जेलमध्ये कैद्यांवर चाचणी झाली. परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट ते हेच हाफकिन. काका, तुमचा नातू ज्या आवारात अॅनाटॉमी शिकणार आहे तिथे हे सगळं घडलंय, आणि अॅनाटॉमीचंच बोलायचं तर जगभर वापरतात त्या 'ग्रेज अॅनाटॉमी'ची पहिली चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर, ते पण इथे प्रोफेसर होते. एवढं त्याला सांगा, डिसेक्शन हॉलमधला पहिला दिवस सोपा जाईल. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, रुमाल जवळ ठेव म्हणावं.

प्रश्न : मुलाला लांबच्या जिल्ह्यातलं सरकारी कॉलेज मिळतंय. त्यापेक्षा मुंबईच्या जवळ खासगी डीम्डला, म्हणजे अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजला, कर्ज काढून घालावं का? रँकिंगमध्ये ते वर आहे. (पालक, बोरिवली)

सरकारीत घाला. घर गहाण टाकू नका. डीम्डची फी वर्षाला कित्येक लाखांत जाते आणि पीजीचा खर्च तर अजून पुढेच आहे. रँकिंगचं म्हणाल तर त्यात रिसर्च पेपर, शिक्षकांची संख्या, कागदपत्रं असं बरंच काय काय मोजतात, पण रात्री दोन वाजता तुमच्या मुलाला स्वतःच्या हाताने टाके घालायला मिळतील का हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं. एकदा त्या जिल्ह्याला जाऊन या. सकाळी नऊला ओपीडीच्या केसपेपरच्या खिडकीसमोर उभं राहायचं आणि लाइन बघायची. लाइन मोठी असेल, वॉर्ड भरलेले असतील, प्रसूती होत असतील तर डोळे झाकून अॅडमिशन घ्या. खाटा रिकाम्या दिसल्या तर मात्र विचार करा, मग ते कॉलेज सरकारी असो की खासगी, इमारत कितीही चकाचक असो.

प्रश्न : काका, मी भांडुपला राहतो, बारावीला आहे, बाबा बेस्टमध्ये आहेत. मला केईएमलाच जायचंय. क्लासमध्ये एक जण म्हणाला तिथे सगळी डॉक्टरांची पोरं असतात, आपल्यासारख्यांना तिथे जमत नाही. खरंय का? (एक विद्यार्थी)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. असं कोणी परत म्हणालं तर त्याला केईएम कशासाठी निघालं ते सांग.

इंग्रजांच्या काळात सरकारी मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या साहेबांकडे असायच्या, आपला माणूस कितीही शिकून आला, विलायतेची डिग्री घेऊन आला तरी प्रोफेसर म्हणून त्याला जागा नाही. तेव्हा सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टने देणगी देताना अटच घातली की इथले शिक्षक भारतीयच असले पाहिजेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. त्यांच्या नावावरून जी. एस. मेडिकल. १९२६ ला केईएमचं उद्घाटन झालं, गिरणगावाच्या मधोमध, भोवती सगळी कामगारांची वस्ती. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच्याही आधी १९२१ ला, असहकाराच्या चळवळीत, नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं, ते म्हणजे आजचं नायर. डॉ. ए. एल. नायर यांनी हॉस्पिटलला आपल्या आईचं नाव दिलं, बाई यमुनाबाई. म्हणजे ही दोन्ही कॉलेजं निघालीच मुळी 'तुम्हाला जमणार नाही' असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून.

डॉक्टरांची पोरं असतात की, का नसतील. पण रिक्षावाल्याची, शेतकऱ्याची, शिक्षकाची पण असतात, मी शिकवलीयेत. पहिले तीन-चार महिने इंग्रजी टर्म्सनी डोकं फिरतं, मराठी मीडियमच्या पोरांचं जास्त, मग बसतं सगळं. महापालिकेच्या कॉलेजची फी खासगीच्या मानाने खूपच कमी आहे आणि शिष्यवृत्तीही मिळतात, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आत्तापासून काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात सेतूच्या लाइनीत उभं राहू नको.

अभ्यासाचं एकच सांगतो. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे. एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं ओळ न ओळ, आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा. फिजिक्सला रोज तास दीड तास, एकही दिवस सुटी नाही. फॉर्म भरताना १५ टक्के ऑल इंडिया कोट्याचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि ८५ टक्के स्टेटचं सीईटी सेलकडे वेगळं, दोन्ही कर. प्रेफरन्स टाकताना "आपल्याला मिळेल का" असा हिशोब करत बसू नको, जे खरंच हवंय ते वर टाक, केईएम एक नंबरला टाक आणि त्याच्या खाली ग्रँट, सायन, नायर, कूपर सगळी टाक, वरचं टाकल्याने खालचं हातचं जात नाही. निकाल लागला की मला रँक कळव, लिस्ट आपण दोघं मिळून लावू.