कचरा रडारवर दिसतो, मग उपग्रहांची टक्कर होतेच कशी?

तुम्ही विचारलंय की अवकाशातल्या कचऱ्यावर, म्हणजे निकामी उपग्रह आणि त्यांच्या तुकड्यांवर, रडारची नजर असते, तर २००९ साली दोन उपग्रह एकमेकांवर आदळले कसे? मुळात सगळंच काही दिसत नाही. पृथ्वीजवळच्या कक्षांमधले साधारण १० सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडेच नोंदीत राहतात. पण ते दोघं तर शेकडो किलोंचे होते, आणि दोघांच्याही कक्षा माहीत होत्या. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे.

एका रडारला उपग्रह एका फेरीत जेमतेम काही मिनिटं दिसतो. पुढे तो कुठे असेल हे गणिताने काढायचं. सूर्य जरा खवळला की वरचं विरळ वातावरण फुगतं, घर्षण वाढतं आणि ते गणित हुकतं. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर, म्हणजे वेळेत एक दशांश सेकंदाची चूक झाली की जागा ७५० मीटरने चुकली!

१० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम-३३ हा चालू अमेरिकी उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा केव्हाच बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील, असा जाहीर आकडेवारीवरून काढलेला अंदाज होता. सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर ते भिडले, एकमेकांच्या तुलनेत सेकंदाला ११.७ किलोमीटर वेगाने. या वेगाने ५८४ मीटर कापायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. शिवाय त्या आठवड्याच्या यादीत याहून जवळच्या वाटणाऱ्या कितीतरी भेटी होत्या. प्रत्येक वेळी उपग्रह हलवायचा म्हटलं तर इंधन पुरणार कसं? त्यामुळे ऑपरेटरला दोष द्यायला माझं तरी मन धजत नाही.

म्हणूनच आता नुसतं अंतर न पाहता धडकेची शक्यता काढतात. ती साधारण दहा हजारात एकच्या वर गेली की उपग्रह हलवायचा विचार सुरू होतो. हलवणं मात्र गमतीदार आहे. वेग सेकंदाला फक्त १ सेंटिमीटरने वाढवला तर कक्षा किंचित मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि दिवसभरात उपग्रह अडीच किलोमीटर मागे पडतो. हो, वेग वाढवून मागे! म्हणून एखादा दिवस आधी कळलं तरी चिमूटभर इंधनात भागतं.

इस्रोने ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरला असंच बाजूला घेतलं. चंद्राभोवतीच फिरणारं नासाचं एलआरओ यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ त्याच्या फार जवळून जाणार होतं. जुलै २०२३ मध्ये पीएसएलव्ही-सी५६ या रॉकेटचं उड्डाण टक्कर टाळण्यासाठीच एक मिनिट उशिरा झालं.

खरा घोर निकामी उपग्रहांचा. २८ फेब्रुवारी २०२४ ला नासाचा टाइम्ड हा उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२२१ वीस मीटरपेक्षाही कमी अंतराने एकमेकांजवळून गेले. टाइम्ड चालू होता, पण त्याला कक्षा बदलायची सोयच नव्हती. इशारा आधी मिळूनही करण्यासारखं काहीच नव्हतं.