स्केट्सचा ब्रेक काढू का?

प्रश्न : ताई, माझं वय ४३. मुलीला स्केटिंगच्या क्लासला सोडते आणि कडेला बसून बघत राहते. आता मलाही शिकायचंय. इनलाइन (एका रांगेत चाकं असलेले) स्केट्स घेतले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कठडा धरून उभी राहते; पण पाय घोट्यातून आत कलतात आणि हात सोडला की मागे पडेन असं वाटतं. मुलीचे सर म्हणाले, टाचेचा ब्रेक काढून टाका. सासूबाई म्हणतात, या वयात हाडं मोडून घ्यायचीत का? काय करू?
एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : जरूर शिका. सासूबाईंची काळजीही रास्त आहे, म्हणून आधी मनगटाचं बोलू. तोल गेला की हात आपोआप पुढे जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. तळहाताच्या बाजूला प्लास्टिकची कडक पट्टी असलेले रिस्ट गार्ड घ्या; नुसते जाड हातमोजे चालणार नाहीत. गुडघ्याचे, कोपराचे पॅड आणि हेल्मेट हवंच. मग हिरवळीवर मुद्दाम पडून बघा : खाली बसत आधी गुडघे, मग कोपर, शेवटी तळहात, बोटं वर उचललेली. पडायचं कसं ते अंगात मुरलं की निम्मी भीती जाते.

मागे पडण्याचं कारण म्हणजे ताठ गुडघे. घाबरलं की माणूस सरळ होतो, वजन टाचांवर जातं आणि स्केट्स पुढे पळतात. पाटावर बसायला निघाल्यासारखे गुडघे वाकवा. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली जाणवली पाहिजे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलामुलींच्या दोन्ही संघांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्य मिळवलं. त्या शर्यतीचे व्हिडिओ मुलीबरोबर बघा. विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे किती खाली वाकून धावतात! तुम्हाला तेवढं वाकायची गरज नाही, पण वेग वाढला तरी कुणी ताठ होत नाही हे नीट पाहा.

घोटे आत कलतात ते बहुतेक बूट सैल असल्यामुळे. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की किंचित मागे यावा. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग लेस आणि वरचं बकल आवळा. जाड मोजे घालून सैल बूट भरू नका.

आता ब्रेक. काढू नका! शर्यतीच्या स्केट्सना तो नसतो, वळताना पायावर पाय टाकला की आड येतो, म्हणून क्लासमध्ये काढतात. सरांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण तुम्हाला आधी थांबता आलं पाहिजे. ब्रेकचा पाय अर्धं पाऊल पुढे सरकवा, चवडा उचला, दोन्ही गुडघे वाकलेले ठेवून टाचेवर हळूहळू भार द्या. रोज सुरुवात याच्यानेच करा. मागचा पाय आडवा घासत थांबण्याची रीत नंतर, कारण त्यात सगळं वजन एका पायावर तोलावं लागतं.

कामाटीबागेत एवढ्यात जाऊ नका, तिथे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. पार्किंगच बरं, फक्त उताराच्या तोंडाशी उभं राहू नका आणि फरशी ओली असेल त्या दिवशी सुट्टी. तुमच्याकडे पेव्हर ब्लॉक असतील तर चाकं मऊ हवीत. चाकावर ‘८० मिमी, ८२ए’ असं लिहिलेलं असतं : पहिला आकडा व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. तो जितका कमी तितकं चाक मऊ आणि खडबडीत जमिनीवर हादरे कमी.

प्रश्न : पावसात भिजल्यापासून मुलाच्या स्केट्सची चाकं करकर वाजतात. खोबरेल घालू का?
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : खोबरेल नको, थंडीत गोठतं. चाकं काढा, प्रत्येकात दोन बेअरिंग असतात, ती बाहेर काढून पुसा, पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. तरीही अडकत असतील तर बदला. दुकानात ‘६०८’ मापाची बेअरिंग मागा.