पगाराची ओळ खोडू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला, ज्येष्ठांच्या व्यायामवर्गाच्या खर्चाची एक्सेलही उघडून पाहिली. 'व्यायाम शिक्षिका, दोघी, बारा महिने' या पगाराच्या ओळीवर कंपनीच्या सीएसआरवाल्या, म्हणजे समाजकार्याचा निधी बघणाऱ्या, साहेबांनी लाल शेरा मारलाय आणि बाजूला लिहिलंय: त्याऐवजी महाआरोग्य शिबिर घ्या. टोप्या, बॅनर, बीपी-शुगर, नाश्ता, हजार लाभार्थी. आणि तू मला विचारतेस, 'ताई, रक्कम तर तेवढीच आहे, घेऊ का?'

नको घेऊस.

लालबागच्या त्या आजी हात न टेकता खुर्चीवरून उठायला लागल्या, त्या काय शिबिरामुळे? एक बाई आठवड्यातून तीनदा येते, खुर्ची भिंतीला लावते, समोर उभी राहते आणि म्हणते, "घाई नको आजी, पाय मागे घ्या, आता वाका, उठा." कुणी दांडी मारली तर संध्याकाळी फोन करते. कार्यक्रम म्हणजे ती बाई. तिचा पगार हाच खर्च, बाकी सगळं चहापाणी.

आपल्याकडे वस्तूला पैसे पटकन सुटतात. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी. त्यातून विरंगुळा केंद्र उभं राहील, तिथे शिकवणारीचा पगार नाही निघणार. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये ज्येष्ठांच्या खात्यात थेट जमा होतात, चष्मा-काठी-कंबरपट्ट्यासाठी. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान भारतमधून ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे खुबा मोडून दाखल झालात तर सोय आहे; मोडू नये म्हणून जो वर्ग चालतो, त्याचं काय? ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, केंद्र-राज्य वाटा ६०:४०, पण तो पैसा सरकारी आरोग्ययंत्रणेतून फिरतो. तुझ्या चाळीच्या पटांगणात तो उतरेल, या आशेवर बसू नकोस.

तेव्हा कंपनीकडेच जायचं, पण कायदा वाचून. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ तुला माहीत आहेच, मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरीचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे वगैरे. पुढचं वाच. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको, हे साहेबांना पाठ आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. प्रकल्प राबवायला थेट जो खर्च येतो, तो त्यात धरतच नाहीत. शिक्षिकेचा पगार थेट खर्च आहे. २०२१ च्या सीएसआर नियमांत हे स्वच्छ लिहिलंय. मेलला तो नियम जोड आणि नम्रपणे विचार, शेरा कशाच्या आधारावर?

दुसरं, प्रस्ताव 'चालू प्रकल्प' म्हणून माग. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो नेता येतो, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. मग ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून टोप्या छापाव्या लागत नाहीत. फेब्रुवारीत येणारे फोन बहुतेक टोप्यांचेच असतात, पाहा.

आणि वर्गणी घे गं! 'गरीब म्हातारी माणसं, त्यांच्याकडून कसे घ्यायचे' हे मला ऐकवू नकोस. गणपतीला देतात, भिशीला देतात. जमेल तेवढं देऊ देत, पावती फाड. देणगीदार अडला त्या महिन्याला निदान पगार तरी निघेल.

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. ताईंच्या हट्टापायी बडे देणगीदार गेले. हो, गेले. त्याच ओढाताणीत माझी सगळ्यात चांगली शिक्षिकाही खासगी नोकरीत गेली, तिला थांबवायला माझ्याकडे पैसे नव्हते, आणि ते मला अजून लागतं. पण म्हणून शिबिरं घ्यायला हवी होती? ज्यांनी घेतली त्यांच्याकडे आज फोटोंचे अल्बम आहेत. माझ्याकडे वर्ग आहे, अजून चालू. त्या शिक्षिकेला दुप्पट पगार लिहिला असता तर ती राहिली असती. तेव्हा दर लिहितानाही लाजू नकोस. स्वस्तात करून दाखवण्यात कसला आलाय मोठेपणा!

साहेबांना शिबिर हवंच असेल तर वर्गाच्या पहिल्या आठवड्यात ठेव, तपासणीतून नावं नोंदव, बॅनर त्यांचा लाव. पण पगाराची ओळ एक नंबरवर, बारा महिन्यांची.

गुरुवारी वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे येणार आहेस ना? एक्सेल घेऊन ये. आणि 'इतर खर्च' ही ओळ आत्ताच काढून टाक, ऑडिटर पहिल्यांदा तीच धरतात.

तुझी,
ताई