ऑटोकॅडमध्ये ऑफिसची ब्लॉक लायब्ररी करताना स्टॅटिक ब्लॉक ठेवावेत की डायनॅमिक?

ऑफिसची नवी लायब्ररी करताना सगळेच ब्लॉक डायनॅमिक करावेत का, असं तुम्ही विचारलंय. ब्लॉक म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा ठेवायचं तयार चित्र; स्टॅटिक ब्लॉक आहे तसाच राहतो, डायनॅमिक ठेवल्यावरही माप किंवा बाजू बदलतो. सगळे नका करू. मी नागपुरात आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करतो, बहुतेक बंगले आणि डुप्लेक्स. जी वस्तू जागेप्रमाणे माप किंवा बाजू बदलते, तेवढीच आमच्याकडे डायनॅमिक असते.

दाराचंच बघा. आमची चौकटीच्या आतली मापं बाथरूमला 750, बेडरूमला 900 आणि मुख्य दाराला 1050 मिमी. 900 चा स्टॅटिक ब्लॉक स्केल करून 750 केलात, तर 35 मिमी जाडीचा पल्ला 29 चा होतो, चौकटही बारीक होते, आणि सुताराच्या हातात तीच प्रिंट जाते. म्हणून दार डायनॅमिकच हवं. लिनियर पॅरामीटर (ब्लॉकमधलं बदलता येणारं सरळ माप) बिजागरीपासून समोरच्या चौकटीच्या आतल्या कडेपर्यंत घ्या. व्हॅल्यू सेटमध्ये, म्हणजे त्याच्या चालणाऱ्या मापांच्या यादीत, ही तीनच मापं लिहा, म्हणजे कोणी 873 चं दार ओढून ठेवणार नाही. दोन फ्लिप (बाजू उलटवायची सोय) द्या: एक डाव्या-उजव्यासाठी, एक आत-बाहेर उघडण्यासाठी. लोक अडकतात ते आर्कपाशी, म्हणजे दार उघडताना फिरतं ती गोलाकार रेघ. स्ट्रेचने, म्हणजे ओढून लांबवून, आर्क नीट मोठा होत नाही. समोरच्या चौकटीला साधा स्ट्रेच, उघड्या पल्ल्याला अँगल ऑफसेट 90 ठेवून (ओढीच्या काटकोनात) स्ट्रेच, आणि आर्कला बिजागरीच्या बिंदूवरून स्केल अ‍ॅक्शन, असं वेगवेगळं लावा.

खिडकीला आमच्याकडे व्हिजिबिलिटी (ब्लॉकमधले भाग दाखवायची-लपवायची सोय) फार कामाची. नागपूरचा उन्हाळा म्हणजे खिडकीबाहेर कूलर आलाच. त्यामुळे नुसती खिडकी आणि कूलर-स्टँडसह खिडकी अशा दोन अवस्था एकाच ब्लॉकमध्ये ठेवल्यात. कूलर कुठे बसणार हे क्लायंटला प्लॅनवरच दिसतं.

कमोड, वॉश बेसिन, सिंक मात्र स्टॅटिकच ठेवा. कंपनी ज्या मापात देते त्याच मापात ते बसणार, मग ओढायला ग्रिप (ब्लॉकवरचे ओढायचे ठिपके) कशाला?

मोजणीची एक गोष्ट आधीच बघून घ्या. डायनॅमिक ब्लॉकचं माप बदललं की ऑटोकॅड आतल्या आत त्याला तारांकित यू आणि आकडा (*U12 सारखं) असं निनावी नाव देतं. नावावरून दारं मोजणारी जुनी लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर ती दारं सुटतात आणि शेड्यूल, म्हणजे दारांची यादी, चुकतं. डेटा एक्स्ट्रॅक्शनमध्ये (ड्रॉइंगमधून यादी काढायची ऑटोकॅडची सोय) ती मूळ नावाने मिळतात. स्ट्रक्चरल कन्सल्टंट दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल तर आधी एक दार पाठवून तपासा, कारण काहींमध्ये आकृती दिसते पण ग्रिप चालत नाहीत.