देवाच्या सामर्थ्यावर चालतो म्हणतो, मग इतका दमलो कसा?

परदेशात ख्रिस्ती सुवार्तासेवा करणाऱ्यांकडून मला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न पैशांचा नसतो, व्हिसाचाही नसतो. तो असा असतो: "ताई, मी देवाच्या सामर्थ्यावर विसंबून आहे असं रोज म्हणतो. मग असा गळून का गेलो? माझा विश्वास कमी पडला का?" आखातात नर्सची नोकरी सांभाळून शुक्रवारी घरात संगती चालवणाऱ्या बहिणी हे विचारतात, आफ्रिकेत शाळा चालवायला गेलेली जोडपी विचारतात. विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो, गुन्हा कबूल करत असल्यासारखा.

उत्तर म्हणून एक केस सांगते. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे, आणि त्या दोघांची परवानगी आहे.

आनंद आणि सुनीता नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कंबोडियाला गेले. बट्टमबांगच्या परिसरात तरुणांसाठी इंग्रजीचा वर्ग आणि नव्याने विश्वासात आलेल्या काही मुलांचं शिष्यत्व-प्रशिक्षण, असं कामाचं स्वरूप. मुलं त्याला 'लोक क्रू' म्हणत, म्हणजे सर. मला पहिला मेसेज आला तो सुनीताचा. "हे रात्री तीनला उठून बसतात. जेवण अर्ध्यावर टाकतात. मुलांवर ओरडतात आणि मग प्रायश्चित्त म्हणून उपास धरतात." शेवटचं वाक्य वाचून मी त्याच आठवड्यात वेळ दिली.

कंबोडियाचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे रात्रीचे नऊ. आनंद इस्त्रीचा शर्ट घालून स्क्रीनवर आला. मागच्या भिंतीवर मराठी आणि ख्मेर अशा दोन्ही लिपींत वचन लावलेलं: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' बराच वेळ तो मला अहवालच देत राहिला. किती गावं, किती बाप्तिस्मे, किती मुलं नियमित. मी मध्ये बोलले नाही. अहवाल संपल्यावर विचारलं, "झोप कशी आहे?" तेव्हा तो गप्प झाला.

मग मी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" देवाच्या सेवकाला हा प्रश्न कसा विचारायचा, म्हणून अनेक पाळक तो टाळतात. टाळू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. आनंद म्हणाला, "जीव द्यायचं मनात नाही, ताई. पण सकाळ होऊच नये असं वाटतं." सुनीता शेजारी बसली होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

त्यामुळे आध्यात्मिक चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर. दोघं नॉम पेनला गेले. काही महिन्यांपूर्वी त्याला डेंग्यू होऊन गेला होता आणि ताप उतरताच तो कामाला लागला होता. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा काही वेळा आठवडेच्या आठवडे, कधी महिने राहतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तात बी-12 कमी निघालं, आणि डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या. अशा गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने त्या बंद करायच्या नसतात. आनंदची तक्रार ठरलेली होती: गोळी घेतली तर देवावरचा भरवसा कुठे राहिला? डेंग्यूत सलाईन लावून घेताना मात्र हा प्रश्न त्याला पडला नव्हता. मी एवढंच म्हटलं, आणि तो बऱ्याच दिवसांनी हसला, असं सुनीताने नंतर सांगितलं.

मग मी त्याच्याकडे त्याची प्रार्थनापत्रं मागितली. परदेशात सेवा करणारे मायदेशीच्या मंडळीला आणि देणगीदारांना दर महिना-दोन महिन्यांनी जे पत्र पाठवतात, ते. माझ्या मते सेवकाची तब्येत त्याच्या साक्षीपेक्षा या पत्रांत लवकर कळते. पत्रं देखणी होती. हसरे चेहरे, नदीतल्या बाप्तिस्म्याचे फोटो, 'प्रभूने मोठी दारं उघडली.' डेंग्यूच्या महिन्याचं पत्र मी मुद्दाम शोधलं. त्यात युवाशिबिराचा वृत्तांत होता. आजारपणाचं अक्षरही नव्हतं. सुनीताला त्या महिन्यात दोन मुलं घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या होत्या आणि इकडे नगरला मंडळी त्याच महिन्यासाठी आभारप्रार्थना करत होती.

"असं का लिहिलं?"

"लोक घाम गाळून पैसे पाठवतात, ताई. त्यांना काय, मी अंथरुणावर पडलोय असं लिहू?"

मी म्हटलं, बायबलातल्या प्रेषित पौलाने लिहिलं की. तुमच्या भिंतीवरचं वचन ज्या पत्रातलं आहे, त्याच पत्रात.

करिंथकरांस दुसरं पत्र आपण बाराव्या अध्यायातल्या त्या एका वचनासाठी उघडतो आणि मिटतो. पुढच्या काही भेटींत आम्ही ते सुरुवातीपासून वाचलं. पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो, आशियात आमच्यावर जे संकट आलं त्याविषयी तुम्ही अजाण असावं अशी आमची इच्छा नाही. ते आमच्या शक्तीपलीकडचं होतं, इतकं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. हे त्याने डायरीत लिहिलेलं नाही. मंडळीला लिहिलंय, आणि तीही त्याच्या अधिकाराबद्दल कुरकुर करणारी मंडळी. का लिहिलं, तेही तो सांगतो: हे घडलं ते आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. आणि लगेच पुढे, तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला हातभार लावता. आनंदने मंडळीला हातभार लावायला जागाच ठेवली नव्हती. जे ठाऊकच नाही त्यासाठी ती प्रार्थना काय करणार?

सातव्या अध्यायाशी तो अडला. मासेदोनियात आलो तेव्हा आम्हाला चैन नव्हतं, बाहेर भांडणं, आत भीती, असं पौल म्हणतो. मग दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने आमचं सांत्वन केलं. कशाने? दर्शनाने नाही, चमत्काराने नाही. त्याचा सहकारी तीत आला म्हणून. एक माणूस प्रवास करून आला, ख्यालीखुशाली घेऊन आला, आणि पौल त्याला देवाने केलेलं सांत्वन म्हणतो. आनंदने ते वचन स्क्रीनसमोर ख्मेरमध्ये मोठ्याने वाचलं, मग मराठीत. म्हणाला, "माझ्याकडे पाच वर्षांत कुणी तीत आलाच नाही." खरं होतं. पाठवणाऱ्या मंडळीतून कुणी भेटायला गेलं नव्हतं. आणि त्यानेही कधी या असं म्हटलं नव्हतं.

आता भिंतीवरच्या वचनाबद्दल. शरीरातला काटा काढून टाक म्हणून पौलाने तीनदा विनवलं, तो काटा निघाला नाही, आणि उत्तर मिळालं ते कृपेचं. म्हणजे अशक्तपणा राहिला आणि सामर्थ्य त्यातच आलं. आनंदने मात्र त्याचा अर्थ असा लावला होता की कृपा पुरेशी आहे, म्हणून मला कशाचीच गरज पडता कामा नये, झोपेची नाही, सुट्टीची नाही, माणसांची तर नाहीच. हा देवावरचा भरवसा नव्हे. स्वतःच्याच ताकदीवर देवाच्या नावाची पाटी लावण्याचा हा प्रकार आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तो भलताच वाखाणला जातो.

त्याने माझ्यापुढे एक नाव टाकलं, ब्रह्मदेशात गेलेला अमेरिकन मिशनरी अदोनिराम जडसन. "जडसन 1813 ला रंगूनला पोहोचला आणि पहिला बाप्तिस्मा द्यायला 1819 उजाडलं. तो मोडला नाही, मी पाच वर्षांत मोडलो." आपल्याला जडसन परका नाही. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेत सेलम इथे ज्या पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली त्यांत तो होता, आणि त्याच्या बरोबरचे गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि पुढे सॅम्युएल न्यूएल मुंबईत आले. नगरच्या मंडळ्यांचं मूळ असलेलं अमेरिकन मराठी मिशन इथूनच सुरू झालं. पण रविवारच्या शाळेत आपण जडसनची अर्धीच गोष्ट ऐकतो. बायको अ‍ॅन 1826 मध्ये गेली, काही महिन्यांत तान्ही मुलगी गेली, आणि तो माणूस पार कोसळला. मौलमीनजवळ जंगलात खोपटं बांधून एकटा राहू लागला. स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठाशी बसत असे. देवावर विश्वास आहे पण तो मला सापडत नाही, अशा अर्थाचं त्याने घरी कळवलं. हाच जडसन पुढे 1834 मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं करतो. मधली वर्षं गाळली तर उरतो तो पुतळा, आणि पुतळ्याशी बरोबरी करता करता माणूस मरतो.

आनंदच्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती बाहेर यायला वेळ लागला. त्याच्या शिष्यांपैकी एक, ज्याच्यावर त्याने सर्वांत जास्त मेहनत घेतली होती तो, प्चुम बेनच्या दिवसांत गळाला. प्चुम बेन हा कंबोडियातला पितरांचा पंधरवडा, भाद्रपदाच्या वद्यपक्षातला, साधारण आपल्या पितृपक्षाच्याच सुमाराचा. लोक पहाटे भाताचे गोळे घेऊन पॅगोडात जातात, पितर उपाशी असतात आणि त्या दिवसांत ते वाट पाहतात अशी श्रद्धा आहे. त्या मुलाची आई विधवा. आनंदने त्याला बजावलं होतं, जायचं नाही. मुलगा गेला. मग लाजेने वर्गाकडे फिरकला नाही. आनंद रोज त्याला फोन करायचा, त्याच्यासाठी उपास करायचा, रात्री तीनला उठून बसायचा ते बहुतांशी त्याच्यासाठी.

मी विचारलं, हे तिथल्या कुणाशी बोललात का? नाही. गुरूने शिष्यांपुढे असं कसं बोलायचं?

मी त्याला एक काम दिलं: आजारी आहे, औषध चालू आहे, काही महिने रविवारची संध्याकाळची सभा घेणार नाही, हे त्या छोट्या मंडळीला स्वतः सांगायचं. ख्मेरमध्ये, उभं राहून नाही, बसून. त्याला हे गोळ्यांपेक्षा कडू गेलं. सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंडळीतली एक वयस्क बाई, जिला सगळे मिंग म्हणजे मावशी म्हणतात, बोबोर घेऊन दारात. बोबोर म्हणजे तांदळाची पेज, वरून आलं आणि कांद्याची पात. ही बाई 1975 ते 1979 हा हुकूमशहा पोल पॉटचा काळ लहानपणी उपाशीपोटी काढून जगलेली. "लोक क्रू आजारी पडतात हे आम्हाला माहीत नव्हतं," एवढंच तिने म्हटलं आणि त्याने वाडगा संपवेपर्यंत ती हलली नाही.

त्या मुलाकडेही तीच गेली. आनंदला कुणी विचारलं नाही. तिने मुलाला सांगितलं ते आनंदने मला कळवलं तेव्हा मला मनापासून हेवा वाटला: पंधरवड्यात घरी जा, आईला मोटरसायकलवर पॅगोडाच्या फाटकापर्यंत सोड, ती येईपर्यंत बाहेर थांब, घरी येऊन तिच्याबरोबर जेव, बापाच्या आठवणी काढ. गोळे वाहू नकोस, पण आईला एकटं सोडू नकोस. स्वतःच्या आईच्या बाबतीत ती हेच करत आली होती. हे शिकवणं परदेशातून आलेल्या सेवकाच्या आवाक्यातलं नव्हतंच. सगळे मिशनरी त्याच्याशी सहमत होतील असंही नाही. फाटकापर्यंत जाणंसुद्धा चुकीचं मानणारे आहेत, आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण कोण कुणाला काय सांगू शकतं, याचा अंदाज आनंदला त्या दिवशी आला. पौलही करिंथच्या मंडळीला तेच म्हणतो ना, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवत गेला तो देव. मुलगा आता अधूनमधून येतो. नियमित नाही.

कामाची घडी बदलली ती अशी. रविवारची सभा तिथली दोन माणसं आळीपाळीने घेतात. उपदेश कच्चा असतो, असं आनंदचं मत, आणि लोक जास्त येतात, असं सुनीताचं. रात्री नऊनंतर फोन सुनीताकडे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी बायबलसुद्धा फक्त स्वतःसाठी उघडायचं, धड्याच्या तयारीसाठी नाही. पहिले काही आठवडे त्या सुट्टीत त्याला अपराधी वाटे. ते अपेक्षितच होतं.

हे वाचणाऱ्या पाठवणाऱ्या मंडळ्यांनाही थोडं सांगायचं आहे. पैसे पाठवणं म्हणजे पाठवणं संपलं असं नाही. वर्षाकाठी एक तरी माणूस भेटायला जावा, पाहणीला नाही, नुसता राहायला. सेवकाला विचारा, झोप लागते का, नवराबायको बोलता का, मुलं काय म्हणतात. आणि कुणी तुमच्यापुढे 'मी थकलो' म्हणाला तर लगेच वचन फेकून मारू नका. झोप-भूक उडाली असेल, कशात मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टर गाठायला लावा. भारतात असाल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका.

आनंदचं पुढचं प्रार्थनापत्र माझ्याकडे आधी आलं होतं. त्यात डेंग्यू होता, गोळ्या होत्या, गळालेला मुलगा होता आणि मिंगची पेज होती. बाप्तिस्म्याचा फोटो नव्हता. मी एक स्वल्पविराम सोडला तर काही बदललं नाही. पत्र गेल्यावर नगरच्या दोन वृद्ध बहिणींनी त्यांना हाताने लिहिलेली पत्रं पाठवली, एका जोडप्याने डिसेंबरात येतो म्हणून तिकिटं काढली, आणि एका जुन्या देणगीदाराने मदत थांबवली. औषधं खाणाऱ्या सेवकाला आपला पैसा नको, असं त्याने मंडळीच्या सेक्रेटरींना कळवलं. ती तूट अजून भरून निघालेली नाही. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये तो विषय ठेवा म्हणून मी सेक्रेटरींच्या मागे लागले आहे.