वाचकांचे प्रश्न : बैठकीचे ध्वनिमुद्रण कशावर करावे?

प्रश्न : आमच्याकडे दर महिन्याला गाण्याची घरगुती बैठक होते. तीस-चाळीस श्रोते, साथीला तबला आणि पेटी, मागे दोन तानपुरे. आजवर मोबाइलवर मुद्रण केले. पण तबल्याची थाप पडली की तानपुरे दबतात आणि मग हळूहळू पुन्हा वर येतात. पंचवीस हजारांच्या आत कोणते सुटसुटीत साधन घ्यावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे तानपुरे दबतात ते मोबाइल आवाजाची पातळी आपोआप राखत असल्यामुळे. ही सोय मुख्यतः बोलण्यासाठी केलेली असते. मोठा आवाज आला की ती सगळेच खाली खेचते आणि शांतता झाली की सगळेच वर उचलते. विलंबित ख्यालात ठेक्याच्या दोन बोलांमधली जागा मोठी असल्यामुळे हा चढउतार तिथे फारच बोचतो. म्हणून रेकॉर्डर कोणताही घ्या, त्यातली स्वयंचलित पातळी बंद करता आली पाहिजे.

हाती धरण्याजोग्या रेकॉर्डरमध्ये आज दोन वाटा आहेत. टास्कॅम डीआर-४०एक्ससारख्या यंत्रात पातळी आपण ठरवायची असते. सर्वांत जोरदार तिहाई यंत्राच्या पातळीदर्शक पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याला आवाज फाटतो) एवढी ती बैठकीआधी लावून घ्यावी. आवाज फाटलाच तर उपयोगी पडावी म्हणून कमी पातळीची दुसरी प्रतही हे यंत्र सोबत करून ठेवू शकते. झूम कंपनीच्या एच१ एसेन्शियल आणि एच४ एसेन्शियलमध्ये ३२ बिट फ्लोट पद्धत असल्याने पातळी लावावीच लागत नाही. ती नंतर संगणकावर ठरवता येते. मुद्रण करणाराच बैठकीचा यजमान असेल, आणि तुमच्याकडे तसेच असावे, तर मी दुसरी वाट सुचवेन, कारण चहाची व्यवस्था पाहताना पातळीवर नजर राहत नाही. पुढेमागे मिक्सर जोडायचा विचार असेल तर एच४, नाहीतर एच१ पुरे. ४८ किलोहर्ट्झवर ३२ बिटचे स्टिरिओ मुद्रण तासाला सुमारे १.४ जीबी जागा घेते, तेव्हा ३२ जीबीचे कार्ड भरपूर झाले.

मात्र यंत्रावर खर्च करताना हजार-दीड हजार रुपये उंच, जड बुडाच्या स्टँडसाठी बाजूला काढाच. एका जुन्या वाड्यातल्या बैठकीत मी रेकॉर्डर थेट लाकडी मंचावर, सतरंजीच्या कडेला ठेवला होता. घरी येऊन ऐकतो तो डग्ग्याचा प्रत्येक घुमारा आणि तबलजींच्या मांडीची प्रत्येक हालचाल फळ्यांतून वर आलेली, आणि गाणे कुठेतरी मागे. आता मी गायकासमोर साधारण दीड ते दोन मीटरवर, बसलेल्या गायकाच्या डोक्याहून किंचित उंच स्टँड लावतो आणि माइकचे तोंड खाली गळ्याकडे वळवतो. तबला वरचढ वाटला तर स्टँड वीतभर पेटीच्या बाजूला सरकवायचा. तानपुरे हवे असतील तर थोडे मागे यायचे. ही जुळवाजुळव कानाला हेडफोन लावून, वाद्ये स्वरात मिळवण्याच्या वेळी उरकावी. पंख्याखाली बसणे अटळ असेल तर माइकवर केसाळ टोपी हवीच. सोबत मिळणारा स्पंज तिथे अपुरा पडतो.

मिक्सरमधून थेट तार घेण्याचा मोह लहान खोलीत आवरावा. तबला तिथे माइकशिवायही ऐकू येत असल्याने मिक्सरवाला तो कमीच ठेवतो, आणि मुद्रणात गायक एकटाच गात असल्यासारखे वाटते. मोठ्या सभागृहात ती तार उपयोगी, पण रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकची जोड देऊनच. तार जोडताना रेकॉर्डरचा ४८ व्होल्टचा पुरवठा (काही माइकना तारेतून वीज देणारी सोय, फँटम पॉवर) बंद असल्याची खात्री करा.

तुम्ही विचारले नसले तरी परवानगीचे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क देते. केवळ स्वतःच्या ऐकण्यासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्यात सूट आहे. तेच इंटरनेटवर चढवणे त्या सुटीत बसत नाही. तसा बेत असेल तर बैठक ठरवतानाच विचारावे, आणि तबलजी व पेटीवादक यांनाही विचारावे, कारण हा हक्क त्यांचाही असल्याने एकट्या गायकाची संमती पुरत नाही.